धोंडीराम थायलंडला येतात

थायलंडमधल्या स्कूबा गाईडच्या शेवटच्या परीक्षेत मी नापास झालो. पण ते सोडा, तसं काही झालेलंच नाही. घरी विचारलंत तर मी पास आहे आणि सर्टिफिकेट कुरियरने येतंय.

सोलापुरात नवी पेठेत आमचं टॉवेलचं दुकान आहे. तीन पिढ्या आम्ही लोकांचं पाणी टिपत आलो. मी समुद्रात पर्यटकांना फिरवायची नोकरी करणार म्हटल्यावर पप्पांनी एवढंच विचारलं, "तितं पाणी रोज येतं का?" मग गल्ल्यावरची माझी खुर्ची चुलतभावाला, दिग्विजयला दिली. म्हणजे पास होण्याशिवाय मला बसायला जागाच उरली नाही.

जाण्याआधी सरावाला मी उजनी धरणाच्या काठी रावजीमामांकडे गेलो. सकाळभर श्वास धरून बुड्या मारल्या आणि दुपारी काठावर भाकरी सोडली. समोर शेतीला पाणी ओढणाऱ्या मोटारीच्या पाइपाजवळ एक माणूस गळ्यापर्यंत पाण्यात उभा होता. आपल्याकडे जेवताना कुणी दिसलं की बोलवायचं असतं. मी बोलवलं, "या पाव्हणं, जेवायला."

याचं उत्तर ठरलेलं असतं, "चालू द्या." कुणी खरोखर येत नाही. सगळी पद्धत त्या भरवशावर उभी आहे. हा माणूस "चालू द्या" म्हणाला नाही. त्याने भाकरीकडे बराच वेळ पाहिलं आणि तो चालत यायला लागला. मी चटणी घ्यायला खाली वाकलो. वर पाहिलं तर कुणी नव्हतं. माझ्या बॅगेपर्यंत ओली पावलं होती. परत गेलेली नव्हती.

मामांना सांगितलं. त्यांनी विचारलं, "गळ्यात तुळशीची माळ व्हती?"

"होती."

"धोंडीराम हाय त्यो. मोटारीचा व्हॉल गाळात अडकला म्हणून बुडी मारली. वर आलाच न्हाय. गावला बी न्हाय. आन् तू त्याला जेवायला बोलवलंस?"

"सवयीनं."

"आमी इतकी वर्सं पाण्याकडं पाठ करून जेवतोय, गाढवा!"

संध्याकाळी मामांनी काठावर ताट वाढून ठेवलं. कुणी आलं नाही. पाव्हणे माझ्याबरोबर निघाले होते.

थायलंडच्या बेटावर पहिल्याच खोल बुडीत ते दिसले. आम्ही सगळे पोहत होतो, ते उभे होते. धोतर, सदरा, आणि माळ गळ्यातून वर तरंगत असलेली. पाण्याखाली प्रत्येकाच्या श्वासाचे बुडबुडे खळखळ वाजतात. त्यांच्या बाजूला काहीच वाजत नव्हतं. मी बोटांची खूण करून विचारलं, ठीक? त्यांनी पाचही बोटं जुळवून तोंडाशी नेली.

आता बोलवलेल्या माणसाला उपाशी कसं ठेवणार? पण ते माळकरी, आणि तिथल्या मेसमध्ये भातापासून भाजीपर्यंत सगळ्यात माशाचं पाणी. मी वाळूत ताट ठेवलं की सकाळी ताटाभोवती ओल असायची आणि ताट तसंच. शेवटी आईने दिलेली कडक भाकरी आणि शेंगाचटणी पिशवीत बांधून खाली नेली. पिशवी उघडताच चटणीचा लाल ढग झाला आणि मासे तुटून पडले. धोंडीराम मासे जेवताना बघत राहिले. लग्नातल्या शेवटच्या पंगतीला जिलेबी संपल्यावर माणसं तशी बघतात.

परीक्षा सोपी होती. सहा पर्यटक खाली न्यायचे, प्रवाळ दाखवायचं, सहा वर आणायचे. मारिके नावाच्या डच बाई परीक्षक होत्या. बोटीवर आल्यावर त्यांनी विचारलं, "नेले किती?"

"सहा."

"आणले किती?"

मी मागे पाहिलं. शिडीचा खालचा दांडा एका हाताने धरलेला होता. नखांत काळा गाळ होता, उजनीचा. सहा म्हणून मोकळं होता आलं असतं. पण आपणच बोलवलेल्या माणसाला मोजायचं नाही, हे जमेना.

"सात."

मारिकेबाई शिडीकडे बघत होत्या. त्यांनाही दिसत होतं. "पाण्यातला तोल उत्तम आहे त्यांचा," त्या म्हणाल्या. "तुझ्यापेक्षा बरा. पण सिलिंडर कुठे आहे?"

विनासिलिंडर माणूस खाली नेणं म्हणजे थेट नापास. पुढच्या महिन्यात एक संधी आहे. बाई म्हणाल्या, या वेळी एकटा ये.

मामांना फोन केला.

"बजाबाईकडं जाऊन आलो," मामा म्हणाले. बजाबाई म्हणजे धोंडीरामांची बायको. "ती म्हणती, हाडं वर आल्याबिगर त्यो घास घ्यायचा न्हाय. कुणाच्याच हातचा."

"मी येऊन काढतो की. तेच तर शिकतोय."

"तितं दोन पुरुष खोल गाळ हाय, पिर्थ्या. तू उतरलास तर मला दोन ताटं वाढावी लागतील."

हे बोलणं चालू असताना माझ्या खोलीतली फरशी दारापासून खाटेपर्यंत ओली होत आली. म्हणून आजच धरणाच्या मा. कार्यकारी अभियंत्यांना अर्ज पाठवला आहे. शेवटचा परिच्छेद असा:

'तरी मे. साहेबांनी उजनी जलाशयातील संपूर्ण पाणी एक दिवसापुरते बाजूला घ्यावे, सदर इसमाचे जे काही शिल्लक असेल ते त्यांच्या पत्नीच्या ताब्यात द्यावे, आणि त्यानंतर पाणी पूर्ववत जागेवर ठेवावे, ही नम्र विनंती.'