नंदीच्या गाडीचा लोकल एक्सल

या, बाळांनो, या. असे दारात घुटमळू नका, आत या आणि या भिंतीजवळ सरकून बसा. लेथ, हे लोखंड कातायचं यंत्र, आता बंद आहे, ठिणगी उडायची नाही. माझ्याजवळ टाळ नाहीत, मृदंग नाही. पण एक कथा आहे. तिच्यात देव आहे, बैल आहेत आणि एक हट्टी मावशीही आहे. कथेला आणखी काय लागतं?

मी एक जुना एक्सल आहे. वर बघा, दोन खुंट्यांवर आडवा ठेवलेला लोखंडी दांडा दिसतो ना, तो मीच. बैलगाडीचा आस तुम्ही पाहिला असेल. मोटारीच्या मागच्या चाकाला फिरवणारा दांडा तो एक्सल. इंजिनाने कितीही गुरगुर केली तरी आमच्यावाचून चाक हलत नाही. पण आमचा मुक्काम नळीच्या आत, अंधारात, तेलात. दसऱ्याला गाडीला झेंडूचा हार मिळतो, चाकाखाली लिंबू ठेवतात. एक्सलला कुणी कुंकू लावल्याचं मी अजून ऐकलेलं नाही. आम्हाला दिसत काही नाही, ऐकू मात्र सगळं येतं. कीर्तनाची गोडी मला लागली ती त्यामुळेच.

बुवा सांगतात, जिवाला जन्मामागून जन्म घ्यावे लागतात. माझंही तसंच झालं. मागच्या जन्मी मी एका थोरल्या ट्रकचा एक्सल होतो. तो ट्रक भंगारात निघाला आणि मी सोलापुरात, विजापूर वेशीजवळ, महेबूबसाबांच्या या लेथच्या दुकानात येऊन पडलो. कोपऱ्यात गंज खात होतो. वाटलं, संपलं आपलं.

पण मित्रांनो, ईश्वरप्पांची पिकअप एक दिवस ढकलत ढकलत या दारात आली. तिचा उजवा एक्सल मोडला होता.

ईश्वरप्पा सोलापूरच्या बाजारातून अक्कलकोटच्या बाजूला माल नेत. माणूस मनाने लोण्यासारखा. कुणी म्हणालं, "मालक, येवढं एक पोतं टाका की," तर त्यांच्या तोंडून नाही हा शब्द निघत नसे. गाडीत कांदा असो की ज्वारी, पोत्यावर पोतं चढे. त्यांची पत्नी दाक्षायणी मैंदर्गीची. दुष्काळ सरून विहिरींना पुन्हा पाणी आलं, तेव्हा मैंदर्गीकरांनी नवस फेडण्यासाठी सोलापूरच्या पाथरवटाकडून काळ्या दगडाचा नवा नंदी घडवून घेतला होता. भर देवळात, साऱ्या पंचांसमोर, ईश्वरप्पांनी शब्द दिला होता, "नंदी माज्या गाडीतनं येनार!" आणि मुहूर्त तोंडावर आला असताना गाडीचा एक्सल मोडला.

त्यांच्याबरोबर दाक्षायणी होती आणि तिचा भाऊ कल्लप्पाही होता. कल्लप्पाला आपल्या बैलांचा भारी अभिमान. नंदी बैलगाडीतूनच यावा, असं तो पहिल्यापासून म्हणत होता.

महेबूबसाबांनी मोडका एक्सल बाहेर काढला, दोन्ही तुकडे हातात घेतले आणि विचारलं, "मालक, हा तर कंपनीचा ओरिजिनल होता. मग तुटला कसा?"

ईश्वरप्पा डोकं खाजवू लागले.

"मी सांगते," दाक्षायणी म्हणाली, "ह्यास्नी न्हाई म्हनता येत न्हाई, म्हनून तुटला."

आता दोन वाटा होत्या. ओरिजिनल एक्सल पुण्याहून यायचा होता. तिथल्या दुकानदाराचा निरोप होता, माल आला की पाठवतो. कधी येईल ते त्यालाही ठाऊक नव्हतं. दुसरी वाट म्हणजे इथेच, याच लेथवर, एक्सल बनवून घ्यायचा. बाजारात त्याला लोकल म्हणतात. म्हणताना ओठ जरा वाकडे करतात.

"दाजी, देव आनायचाय, कांदा न्हाई," कल्लप्पा म्हणाला. "वाटंत लोकल मोडला, नंदी पडला, नुसता कान जरी उडाला तर? खंडित मूर्ती देवळात घेत न्हाईत. गावाचा नवस तसाच ऱ्हायचा. त्यापरीस माजी बैलं बरी."

ते खोटं नव्हतं. ईश्वरप्पा पेचात पडले. इकडे सासुरवाडीत दिलेला शब्द, तिकडे गावाचा देव. ते महेबूबसाबांना म्हणाले, "तुमी सांगा, साब. लोकल जाईल का?"

महेबूबसाबांनी विडी विझवली. "ओरिजिनल ते ओरिजिनल, मालक. त्याचं पोलाद माझ्या भट्टीत नै बनत. झूट कायकू बोलू? थांबता येत असेल तर थांबा. थांबता येत नसेल तर मी बनवतो. नंदीला घेऊन जाईल, हळू हळू. पण नंदी एकटा! वर एक नारळ पण नक्को."

"एक नारळ बी न्हाई," ईश्वरप्पा म्हणाले.

"तुमचं नको," महेबूबसाब हसले, "ताईंचं वचन पाहिजे."

"मी मागं बसते नंदीजवळ," दाक्षायणी म्हणाली. "बगते कोन चढतंय ते!"

मग महेबूबसाबांची नजर सबंध दुकानात फिरली आणि कोपऱ्यात माझ्यावर येऊन थांबली. मला लेथवर चढवलं. गंज उतरला, जुनं अंग उतरलं, जाड होतो तो सडपातळ झालो. टोकाला दाते पाडले. भट्टीत लालबुंद तापवून मला तेलात बुडवलं; लोखंड कडक करायच्या या रीतीला पाणी देणं म्हणतात. चर्रर्र आवाज झाला आणि माझा नवा जन्म झाला! शेवटी त्यांनी पांढरा रंग घेतला आणि माझ्या अंगावर या टोकापासून त्या टोकापर्यंत एक सरळ रेघ ओढली.

"ही कशाला?" कल्लप्पाने विचारलं.

"ओझं जास्त झालं की दांडा पिळतो. बाहेरून कळत नै. ही रेघ वाकडी झाली की समजायचं."

मला काय वाटलं सांगू? महादेवाच्या भक्ताला भस्माचा पट्टा लावावा, तसा मला लावला!

जायच्या दिवशी सकाळी दांडग्या गड्यांनी नंदी गाडीत चढवला. पेंढा पसरला, दोरांनी जखडला. पुढे ईश्वरप्पांशेजारी वैरागचे कीर्तनकार आप्पाबुवा बसले. नंदीच्या स्थापनेला त्यांचं कीर्तन ठरलं होतं. मागे दाक्षायणी, पदर खोचून. कल्लप्पा आदल्या दिवशीच गावी गेला होता. जाताना सांगून गेला, "वाटंत बैलं घिऊन उबा ऱ्हातो. लागतीलच!"

निघालो. मी नळीच्या अंधारात; बाहेर दिसलेलं जे सांगतो, ते नंतर या दुकानात ऐकलेलं. नंदीचा भार अंगावर आला आणि मी मनात म्हटलं, शंकराला नंदी वाहतो आणि नंदीला मी! मग मी शंकराच्या किती जवळचा झालो? मित्रांनो, ओझ्यापेक्षा हा अहंकार जड असतो, पण ते तेव्हा कळलं नाही.

कुंभारीत लोकांनी गाडी थांबवून आरती केली. दोघे-तिघे चढू लागले, तशी दाक्षायणी कडाडली, "खाली व्हा! साबांनी सांगितलंय, नंदी एकटा!" ते मुकाट उतरले. मला वाटलं, वा रे वाघीण!

पण पुढे आलं वळसंग. तिथे दाक्षायणीची मावशी काशम्मा कडक भाकरीची दुरडी आणि शेंगाचटणीचं गाठोडं घेऊन रस्त्यातच उभी होती.

"दाक्षा, माजं गाठुडं धर आन मला वर घे."

"मावशी, चढायचं न्हाई. गाडी नाजूक हाय."

"गाडी नाजूक, आन मावशी दणकट व्हय? तुला कडेवर घिऊन हिंडले मी, तवा मी नाजूक हाय का इचारलंस?"

संपलं. वाघिणीची शेळी झाली. मावशी चढली. मावशीमागे तिच्या दोन जावा चढल्या, जावांमागे टाळकरी, टाळकऱ्यांमागे मृदंगवाला. अक्कलकोटात कुणी नारळांची पोती ठेवली, कुणी देवळाच्या जेवणासाठी ज्वारी. देवाच्या कामाला नाही कसं म्हणावं? ईश्वरप्पा मागे बघत, कपाळाला हात लावत आणि गाडी पुढे नेत. वर हर हर महादेवचा गजर, आणि खाली नळीत माझी कंबर वाकायला आलेली.

मैंदर्गीच्या अलीकडे एक ओढा लागतो. त्यात उतरण सोपी, चढण खडी. ईश्वरप्पांनी पहिला गिअर टाकला. चाकं दगडांत अडकली, इंजिन ओरडलं आणि माझ्या अंगात पीळ भरू लागला. ओलं धोतर पिळतात ना, तसा. दात्यांजवळ कट्ट असा आवाज झाला. तो माझाच होता.

ईश्वरप्पांनी ऐकला. गाडी थांबवून चाकाखाली धोंडे लावले आणि हात जोडून म्हणाले, "उतरा की बाबांनो! एक्सल बोलाय लागलाय."

कोण उतरतंय? "आमी देवाच्या संगतीला बसलोय," एक टाळकरी म्हणाला. "देव असताना मोडंल कसा?" आणि गजर दुप्पट झाला. चढणीच्या माथ्यावर कल्लप्पा बैल घेऊन उभा होता. त्याचा आवाज आला, "दाजी, म्या काय म्हनलं हुतं?" ईश्वरप्पा चाकाखाली आणखी धोंडे सारू लागले. नंदी तिरपा झालेला. दोर करकरत होते. मी तुटलो तर गाडी मागे घसरणार आणि नंदी ओढ्यातल्या दगडांवर आपटणार, हे सगळ्यांना दिसत होतं आणि सगळे गात होते.

तेव्हा आप्पाबुवा गाडीतून उतरले. उपरणं सावरलं, मागच्या फळीपाशी गेले आणि चिपळ्या वाजवल्या. कीर्तनकाराच्या चिपळ्या वाजल्या की श्रोते आपोआप गप्प होतात.

"श्रोतेहो, शंकराला कोण वाहतं?"

"नंदी!" सगळे ओरडले.

"आणि आज नंदीला?"

"गाडी!"

"गाडीला चाक, आणि चाकाला कोण फिरवतं?"

ईश्वरप्पा बारीक आवाजात म्हणाले, "एक्सल, बुवा."

"कसला एक्सल?"

"लोकल."

सगळे हसले. मी शरमलो. बुवा मात्र हसले नाहीत. "लोकल का होईना, त्याने नंदीला नेण्याचं कबूल केलं आणि नेतो आहे. तुम्हाला नेण्याचं त्याने कबूल केलं होतं का? आता मला एक सांगा. नंदीबरोबर स्वार होण्याचा अधिकार कुणाचा? एका महादेवाचा. तर या गाडीत जे जे कोणी महादेव असतील, त्यांनी हात वर करावेत. बाकीच्यांनी खाली उतरावं!"

मग अशी हशाची लाट उसळली म्हणता! धप्प धप्प उड्यांचे आवाज आले आणि माझ्या अंगावरचा भार उतरू लागला. नारळ उतरले, ज्वारी उतरली. फक्त काशम्मा मावशी हलेना.

"मावशी, तुम्ही महादेव का?" बुवांनी विचारलं.

"न्हाई. पारबती म्हनून बसते की."

"पार्वती नवऱ्याला सोडून एकटी निघाली, तर कैलासावर केवढा गोंधळ होईल!"

"त्यो हुईल तर हू दे," मावशी म्हणाली, पण हसत हसत उतरली. शेवटी दाक्षायणीनेही खाली उडी घेतली आणि नळीजवळ वाकून म्हणाली, "चुकलं रे बाबा माजं." माझ्याशी कुणी बोलण्याची ती पहिलीच वेळ.

आता कल्लप्पा काय करील, असं मला वाटत होतं. तो माथ्यावरून बैल घेऊन खाली आला आणि म्हणाला, "दाजी, दोर हाय का? बांदा म्होरं." बैल पुढे जुंपले, माणसांनी मागून हात लावला, ईश्वरप्पांनी गिअर टाकला. मी तेवढाच पिळलो जेवढा पिळल्यावाचून गत्यंतर नव्हतं. इंच इंच करत नंदी चढण चढला, त्याचा कान शाबूत, शिंग शाबूत! ईश्वरप्पांचा शब्दही राहिला आणि कल्लप्पाच्या बैलांनाही मान मिळाला. दोघेही अजून आपापल्या परीने सांगतात की नंदी मीच आणला. मी काही बोलत नाही.

सोलापूरला परतलो, तेव्हा पुण्याहून ओरिजिनल एक्सल आलेला होता. ईश्वरप्पा म्हणाले, "साब, त्यो पेटीतच ऱ्हाऊ दे. माजा ह्योच."

बरोबर आलेला कल्लप्पाही म्हणाला, "व्हय. ज्येनं नंदी आनला, त्येला काडू नका."

महेबूबसाबांनी मला बाहेर काढलं आणि उन्हात धरलं. पांढरी रेघ वेलीसारखी माझ्याभोवती वळली होती.

"बघा. त्याचं काम त्याने केलं," ते म्हणाले. "आता पुन्हा ओझं दिलं तर तुटेल. भक्ती वेगळी, एक्सल वेगळा. ओरिजिनल लावा, आणि त्याच्यावर पण पोत्यावर पोतं नक्को."

तेव्हा वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण पेटीतून निघालेला तो नवा एक्सल पाहिला. काय त्याचं अंग, काय त्याचे दाते! माझ्या जागी योग्य माणूस, म्हणजे योग्य दांडा आला, हे मलाही पटलं. आणि मला काय मिळालं बघा: अंधाराऐवजी ही उजेडाची भिंत. कुणी गिऱ्हाईक ओरिजिनल घेऊ की लोकल, असं विचारायला आलं की महेबूबसाब आधी मला खाली काढतात. "आधी सांगा, ओझं किती घालणार?" असं विचारतात आणि माझी रेघ दाखवतात. म्हणजे आता मीसुद्धा एक छोटंसं कीर्तनच करतो की नाही?

म्हणून मित्रांनो, गाडी असो, बैल असो, की घरातलं माणूस असो, जो वाहतो त्याच्यावर भार टाकताना आधी त्याला विचारा. तो बोलणार नाही. त्याचा पीळ बाहेरून दिसणार नाही. तुम्हीच वाकून बघा.

आणि माझं एक मागणं ऐका. कधी मैंदर्गीला गेलात, तर नंदीच्या कानात आपलं मागणं सगळेच सांगतात, तुम्हीही सांगाल. ते सांगून झालं की लगेच उठू नका. महेबूबसाब तिकडे कधी गेले नाहीत; दुकान सोडवत नाही त्यांना. बारीक दाते पाडून पाडून त्यांची नजर आता अधू होत चालली आहे. माप बघायला दांडा हल्ली डोळ्यांच्या अगदी जवळ धरतात. तेव्हा नंदीच्या कानाशी आणखी एकदा वाका आणि हळूच म्हणा, "विजापूर वेशीजवळ महेबूबसाब म्हणून आहेत. त्यांचे डोळे सांभाळ."