पहिली बादली

दादासोंनी शुक्रवारी जेवता जेवता सांगून टाकलं, की रविवारी आईला आटपाडीकडं सोडून येतो. साताऱ्याची थंडी तिला मानवत नाही. संक्रांतीत धरलेला खोकला छातीतून हलायला तयार नाही. डॉक्टर झाले, औषधं झाली, ताप आपला येतोय-जातोय. तिकडं निदान ऊन तरी खायला मिळेल.

रेश्मा भाकरी मोडत ऐकत होती. तिकडं वाडीवर सासूकडं, हरणाबाईंकडं, बघणारं आता कोणी नव्हतं. शेजारची बनुबाई होती, पण तिलाच दिवसाउजेडी धड दिसत नव्हतं. आणि डॉक्टरांनी तर बजावलं होतं, या वयात छाती अशी भरली की माणसाला एकटं सोडू नका, उलटलं तर आवरायचं नाही. हे सगळं रेश्माला माहीत होतं. तरी नवऱ्याचं बोलणं ऐकून पहिल्यांदा तिच्या मनात आलं ते हे, की सोमवारी सकाळी भिंतीपलीकडून खोकला ऐकू येणार नाही. असं आपल्या मनात आलंच कसं, म्हणून मग ती ताट सारून पाणी आणायला उठली.

सासू खाष्ट असती तर मनाची समजूत घालता आली असती. पण हरणाबाई दिवाळीनंतर राहायला आल्या त्या अंग चोरूनच. चहात साखर पडायची राहिली तरी गोड झालाय म्हणायच्या. रेश्मा त्यांना माहेरच्या रितीनं आत्या म्हणायची, आणि आत्यांना काय आवडतं हे तिला अजून कळलं नव्हतं. नावडतं असं त्यांनी काही दाखवलंच नव्हतं.

प्लॉट घेतला दादासोंनी, फौजेतून सुटून आल्यावर. पण घरातली पाण्याची जोडणी सगळी रेश्माची. बारावीनंतर शिक्षण थांबलेली ही बाई मोबाइलवर व्हिडिओ बघून बघून नळजोडणी शिकली आणि बांधकामावर उन्हात उभी राहिली. गवंडी तिला माघारी इंजिनेरीणबाई म्हणायचे, तेही तिला कळलं आणि मनातून आवडलं. कपडे धुतलेलं पाणी संडासाला, छपराचं पाणी टाकीला, अंघोळीचं पाणी वाळू-कोळशातून गाळून मागच्या केळींना आणि अळवाला. ते पाणी मोटारीशिवाय आपसूक जावं म्हणून न्हाणीघर तिनं पार मागच्या कोपऱ्यात नेलं. गच्चीवरचं सोलर मात्र ऊन बघून पुढच्या बाजूला बसलं. मधे घरभर लांब पाइप. रात्री त्यातलं पाणी गार पडायचं आणि सकाळी गरम पाणी हातात यायला बादलीभर गार सोडावं लागायचं. ते पाणी वेगळ्या बादलीत धरून कपड्यांच्या मशीनला घालायचं, असा रेश्माचा नियम. पुढं तिनं पाइपाला काळा फोम गुंडाळला. या थंडीत तोटी फिरवली की लगेच वाफाळतं पाणी यायला लागलं, आणि तिनं त्याचं श्रेय बिनदिक्कत फोमला दिलं. दादासोही रोज न्हाणीघरातून तोंड भरून कौतुक करत बाहेर यायचे.

हरणाबाई आल्या त्या दिवशी तिनं त्यांना सगळं फिरवून दाखवलं होतं. डावी तोटी गरम, उजवी गार. पहिलं पाणी मोरीत सोडायचं नाही. आपल्याकडं पाणी वाया जात नाही. हरणाबाईंनी मान डोलावली होती. टँकरमागं घागर घेऊन पळण्यात ज्यांचं आयुष्य गेलं, त्यांना हे सांगताना रेश्माला किंचित संकोच वाटला होता, पण सांगायची हौस जास्त होती.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तर तिनं कमालच केली. कॉलनीतल्या बायकांना वाण म्हणून नळाला लावायच्या पाणी वाचवणाऱ्या जाळ्या लुटल्या. वाट्या-चमच्यांची सवय असलेल्या बायकांनी त्या उलटसुलट करून बघितल्या आणि चहागाळणी समजून पर्समध्ये टाकल्या. मग रेश्मानं हरणाबाईंना हाताला धरून पुढच्या खुर्चीत बसवलं. विधवा बाईला हळदीकुंकवात मानानं बसवलं याचंही तिला आतून बरं वाटत होतं. सगळ्यांना सांगितलं, की बघा, आमच्या आत्या रोज एका बादलीत न्हातात, एका बादलीत. बायकांनी टाळ्या वाजवल्या. हरणाबाई तोंडावर पदर घेऊन लहान पोरीसारख्या हसल्या.

खोकला त्याच आठवड्यात सुरू झाला. डॉक्टरांनी विचारलं, आजी गार पाण्यानं अंघोळ करतात का. उत्तर रेश्मानंच दिलं, आमच्याकडं सोलर आहे, बारा महिने गरम पाणी. हरणाबाई भिंतीवरच्या फुप्फुसाच्या चित्राकडं बघत बसल्या होत्या.

शनिवारी सकाळी दादासो अंघोळीआधीच गाडीत हवा भरायला गेले. जायच्या आधी आत्यांचं डोकं तरी धुऊन द्यावं म्हणून रेश्मानं त्यांना आधार देत न्हाणीघरात नेलं. एरवी हरणाबाई अंघोळीला कुणाला जवळ येऊ द्यायच्या नाहीत. घर झोपेत असतानाच उठायच्या आणि सगळ्यांच्या आधी उरकून तुळशीपाशी उभ्या असायच्या. आज त्यांना उभंच राहवत नव्हतं. रेश्मानं त्यांना स्टुलावर बसवून डावी तोटी सोडली आणि शिकेकाई घ्यायला वळली. परत बघते तर बादली भरली होती, हरणाबाईंनी तोटी बंद केली होती आणि पहिला तांब्या उचलला होता. रेश्मानं सहज बादलीत हात घातला.

“आत्या, थांबा. हे गार आहे.”

“गारच असतंय की. रोजच गार असतंय.”

“रोज?”

“तूच म्हनलीस न्हवं, पयलं पानी मोरीत सोडायचं न्हाई.”

“अहो, मग ते बाजूला ठेवून दुसरी बादली घ्यायची गरम.”

हत्तीवर बसून बाजाराला जा असं सांगितल्यासारखं हरणाबाईंनी तिच्याकडं बघितलं. “दोन बादल्या? एका मानसाला?”

रेश्मा तशीच ओल्या फरशीवर बसली. पहाटे सगळ्यांच्या आधी ही बाई पाइपातलं रात्रभराचं गार पाणी अंगावर घेत होती. तिची बादली भरेपर्यंत गरम पाणी तोटीच्या तोंडाशी येऊन उभं राहत होतं, आणि मग एकेक करून घर उठत होतं आणि वाफाळत्या पाण्यानं न्हात होतं. फोमचा त्यात काही संबंध नव्हता.

सांगायचं तरी, असं ती कसंबसं म्हणाली.

“काय सांगू?” हरणाबाई खोकला दाबत म्हणाल्या. “चारचौघीत तू माजं कवतिक केलंस. समद्यांनी टाळ्या वाजीवल्या. आन मग मी म्हनू, मला आनी एक बादली दे?”

रेश्मानं दुसरी बादली भरली. गरम पाणी पाठीवर पडलं तशी हरणाबाईंनी डोळे मिटले. मणके मोजता येतील अशी ती पाठ रेश्मा प्रथमच बघत होती. एवढे दिवस घरात असून तिनं फक्त पाण्याकडं लक्ष दिलं होतं. केस पुसताना हरणाबाई हळूच म्हणाल्या, दादाला ह्यातलं काय बोलू नगं, त्यो तुझ्यावरच चिडंल.

न बोलणं फार सोपं होतं. उद्या गाडी जाईल, साताऱ्याच्या हवेवर खापर फुटेल, बायका म्हणतील बिचारीला मानवलं नाही. रेश्मानं चहा ठेवला, दादासो आले, चहा उकळून उतू गेला. शेगडी पुसता पुसता पाठमोरीच तिनं सगळं सांगितलं. मधे थांबली असती तर पुढचं सांगता आलं नसतं.

दादासो तिच्यावर चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं.

“आणि मी रोज म्हणायचो, काय फटकन गरम येतंय,” एवढंच ते बोलले. मग गच्चीवर गेले आणि सोलरच्या स्वच्छ काचनळ्या कापडानं पुसत बसले.

आटपाडीला जायचं रद्द झालं, पण ते हरणाबाईंना पटवायला रेश्माला दिवस लागला. तिनं माफी मागितली तर त्या म्हणाल्या, माफीचं काय त्यात, माझ्याच डोक्यात शिरलं नाही. तिनं रडून बघितलं, तर हरणाबाईच तिचे डोळे पुसायला लागल्या. शेवटी राहते म्हणाल्या, पण त्यांना एकच घोर होता.

“त्या बायांना काय सांगशील? म्हातारीला आता दोन बादल्या लागत्यात म्हनून?”

रेश्मा त्यांची भरलेली पिशवी सोडायला लागली.

सोमवारी पहाटे ती सगळ्यांच्या आधी उठून न्हाणीघरात गेली. डावी तोटी सोडली, बादली भरली. काही न ठरवताच एक तांब्या स्वतःच्या अंगावर ओतून बघितला. श्वासच अडकला. दुसरा ओतायचा धीर झाला नाही. बादली उचलून तिनं मशीनमध्ये ओतली, मग हरणाबाईंना हाक मारली आणि त्यांना गरम पाण्याजवळ बसवून दार लोटून घेतलं.

ऊन वर आल्यावर कंपाउंडपलीकडं चारुशीलाबाई कपडे वाळत घालत होत्या. रेश्माला बघून खुशीत म्हणाल्या, तुमचं ऐकून आम्हीपण सुरू केलं हं, घरात प्रत्येकाला एकच बादली. त्यांच्याही गच्चीवर सोलर होतं, आणि पाइप लांबचा होता. तो कुठून न्यायचा ते रेश्मानंच दाखवलं होतं.

आतून त्यांचे सासरे विष्णुपंत मोठ्यानं शिंकले.

“चारुशीलाताई,” रेश्मा भिंतीपाशी जाऊन म्हणाली, “तुमच्याकडं सकाळी पहिली अंघोळ कोण करतं?”

“मामंजी. सगळ्यांच्या आधी उठतात ना ते. का हो?”