चमच्याचा मान

सरांचं नाव पोहण्याच्या तलावावर ठेवायचं की पुसायचं, हे ठरवायला तिघांची समिती नेमली होती. एकानं ठेवा म्हटलं, दुसऱ्यानं पुसा म्हटलं, आणि सगळं घोडं येऊन अडलं तिच्यापाशी.

ती सरांची पहिली विजेती. तिचं रेकॉर्ड अजून तलावाच्या भिंतीवर होतं आणि त्याच्याच जिवावर ती आता उथळ बाजूला शेंबड्या पोरांना पाय मारायला शिकवायची. पोरांना तिच्या ताब्यात देताना आईबाप भिंतीकडे बोट दाखवायचे, "बघ, ह्याच त्या ताई." तिला दुसरं काही येतही नव्हतं. शिक्षण पोहण्यापायी मागं पडलं, लग्न जमता जमता राहिलं. गाठीला होतं ते एवढंच, की एके काळी आपण सगळ्यांत वेगात पोहलो.

आणि आता त्यालाच तडा गेला होता. सरांच्या शेवटच्या तुकडीतल्या मुलींच्या तपासणीत बंदी असलेलं औषध सापडलं. ते पोटात गेलं कसं, तर सरांच्या टॉनिकमधून.

ह्या टॉनिकचा थाट काय सांगावा! सकाळचा सराव संपला की सर काठावर यायचे, काखेत बाटली, हातात चमचा. ज्या मुलींवर त्यांचा जीव, त्यांनी पाण्यातूनच मान वर करून आ करायचा. बाकीच्यांनी नुसतं बघायचं. बाटलीत काय आहे, हे इतक्या वर्षांत एकीनंही विचारलं नाही. विचारायचं कुणाला सुचणार? चमचा मिळावा म्हणून मुली उशीत तोंड खुपसून रडायच्या, आणि ज्यांना मिळायचा त्यांचं तोंड बघायच्या नाहीत. तिला तो रोज मिळाला होता. किती मिरवली होती ती त्यावर!

मग तेव्हाही त्यात तेच होतं का? हा किडा काही डोक्यातून जाईना. शेवटी मत द्यायच्या आधी ती सरांच्या घरी गेली.

दार काकूंनी उघडलं. बातमीदारांच्या त्रासानं त्यांनी बेलच काढून ठेवली होती. "ये गं. कुणाशी बोलत नाहीत. तुझ्याशी बोलले तर बघ."

एवढा धिप्पाड माणूस, स्वयंपाकघरात मांडीवर परात घेऊन मटार सोलत बसला होता. तिला तसंच परत फिरावंसं वाटलं. पण आता गप्प राहिलो तर कायमचे गप्प राहू, हे तिला कळत होतं.

"सर, माझ्या चमच्यात काय होतं?"

सरांचा हात थांबला. त्यांनी तिच्या तोंडाकडे बघितलं, आणि ती नजर तिनं ओळखली. सरावाच्या वेळी ते घड्याळ कमी आणि मुलीचा चेहरा जास्त वाचायचे. खचलेलीला वेळ चांगली सांगायचे, चढून गेलेलीला वाईट. खरी वेळ स्पर्धेत कळायची. सगळ्यांना हे ठाऊक होतं आणि सगळ्यांना त्याचं भारी कौतुक होतं. सत्काराच्या भाषणात तर ते हमखास यायचं.

"तुला?" सर हसले. "तुला नुसता मध गं, मासोळी. तुला औषध कशाला लागतंय?"

तिला रडू कोसळलं. काकूंना वाटलं, बरं वाटलं पोरीला.

"मग ह्या पोरींना का दिलंत?"

"त्यांच्यात दम नव्हता. आणि मला थांबायला वेळ नव्हता." त्यांनी पुढची शेंग उचलली. "तू पुसू नकोस हं नाव."

सरांनी 'हो, औषध होतं' म्हटलं असतं तरी तिनं ते सोसलं असतं. पण ते नाही म्हणाले आणि तिच्या हाती काहीच लागलं नाही. ह्या माणसानं आपल्याला जन्मात कधी एकदा तरी खरं सांगितलं होतं का, हेच तिला आता सांगता येईना.

बैठकीत ती म्हणाली, "पुसा."

अध्यक्षांनी सुटकेचा निःश्वास टाकला. माणूस प्रेमळ. "तुमच्या रेकॉर्डची काळजी नको, मॅडम. तुमच्या काळात तपासणीच नव्हती. ते कुणाच्या बापाला हलवता येणार नाही."

कुणीतरी थोबाडीत मारावी तसं तिचं तोंड झालं. तिनं मान हलवली आणि बाहेर पडली.

जिन्यात शेवटच्या तुकडीतली एक मुलगी बसली होती. तिच्यावर बंदी आली तशी तिला तलावात पाय टाकायची सोय राहिली नव्हती, तरी बॅग घेऊन आली होती.

"काय ठरलं, ताई?"

"नाव काढणार."

मुलीला त्याचं काही सोयरसुतक दिसलं नाही. ती नखं कुरतडत राहिली. मग म्हणाली, "ताई, तुम्ही तर रोज इथंच असता. मला चमचा सुरू व्हायच्या आधी तुम्ही बघितलंय ना पोहताना? मी होते का चांगली? माझी मी?"

तिनं आठवून बघितलं. पलीकडच्या खोल बाजूला तेव्हा कितीतरी मुली असायच्या, सगळ्यांच्या डोक्याला एकसारख्या टोप्या. त्यातली ही कुठली, तिला काही केल्या आठवेना. मुलीची हनुवटी थरथरत होती.

"होतीस," ती म्हणाली. "खूप चांगली होतीस."

मुलगी तिच्या तोंडाकडे बघत राहिली. मग उठून तिनं बॅग खांद्याला लावली.

"सरसुद्धा असंच म्हणाले," ती म्हणाली, आणि जिना उतरून निघून गेली.