शिवलेली गोष्ट

कच्!

घरात इतकी शांतता होती की कात्रीचा एवढासा आवाजही मोठा वाटला. स्वयंपाकघरात वांगी धुणाऱ्या किनुएचे हात थांबले.

"सायो, काय कापतेस गं?"

पुढच्या खोलीतून पुन्हा तोच आवाज आला.

मित्रांनो, किनुएची लेक सायो माझ्यावरचा दोरा कापत होती. का, ते सांगायचं तर मला थोडं मागे जायला हवं.

मी एक जुनं पुस्तक आहे, आणि तेही भाड्याने जाणारं. माझ्या पोटात भुतांच्या छोट्या छोट्या गोष्टी आहेत. माझा जन्म टोकियोतल्या एका छापखान्यात झाला. कागद हलका, शाई फिकी. कुणी मला जन्मभर जपून ठेवील, असं माझ्या रूपात काहीच नव्हतं. गठ्ठ्यात बांधून मला उत्तरेकडच्या एका मच्छीमार गावात पाठवलं आणि तिथे मी किनुएच्या हाती पडलो.

तिचं दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. दारासमोर दोरीवर म्हाकूळ मासे वाळत घातलेले आणि आत भिंतभर पुस्तकं. किनुएने दाभणाने माझ्या पाठीला भोकं पाडली, दोऱ्याने घट्ट शिवलं आणि वर जाड पुठ्ठा चढवला. दुखलं, नाही असं नाही. पण त्यानंतर शंभर हातांतून फिरलो तरी माझं पान सुटलं नाही.

आमच्या गावात भुतांच्या गोष्टी उन्हाळ्यात वाचायच्या. अंगावर काटा आला की उकाडा कमी होतो म्हणतात. कलिंगड कापावं तशी लोक मला उघडत. किनुए माणसाचं तोंड बघून गोष्ट सुचवायची. "तुमच्या घरी म्हातारं माणूस आजारी आहे ना, मग ही नको, ती वाचा. शेवटी हसू येतं." लहान मुलांना न झेपणारी गोष्ट असली, की ती त्या पानांच्या कडेला पांढऱ्या दोऱ्याचे दोन सैल टाके घालून द्यायची. पुस्तक परत आलं की टाके काढायची.

एकदा न्हावी हिगुचि तणतणत आला. "बाई, तुमच्या त्या न्हाणीघराच्या गोष्टीने घात केला. आता मला आंघोळीची भीती वाटते!"

"अहो, मी सांगितलं होतं, एकटे राहता, तेवढी एक सोडा म्हणून."

"सोडा म्हणालात, म्हणून तर आधी तीच वाचली!"

दुकानभर हशा पिकला. मीही हसलो असेन, माझी पानं फडफडली होती.

पण माझ्यातली सगळ्यांत लाडकी गोष्ट वेगळीच होती. समुद्रात बुडालेला एक नावाडी एका रात्री घरी येतो. बोलत नाही. चुलीपाशी बसतो, बायकोने दिलेला चहा पितो आणि उजाडायच्या आत निघून जातो. मागे उरतात फक्त चटईवरची ओली पावलं. बस, एवढीच.

सुकी मासळी विकणारी उमेआजी दर उन्हाळ्यात ती गोष्ट ऐकायला यायची. तिला वाचता येत नव्हतं. तिचा नवरा तरुणपणीच समुद्राने नेला होता. ती मांडीवर हात ठेवून डोळे मिटून ऐकायची आणि शेवटी म्हणायची, "पुन्हा एकदा वाच गं. तो चहा पितो तिथून."

किनुएचा नवरा राइझो म्हाकूळ पकडायला बोटीवर जायचा. गेल्या उन्हाळ्यात एका संध्याकाळी ती हीच गोष्ट मोठ्याने वाचत होती. राइझो जवाचा गार चहा पीत ऐकत होता, सायो त्याच्या मांडीवर होती.

"काय बाई वेंधळा हा नावाडी!" राइझो म्हणाला. "बायकोची चटई भिजवून गेला. मी आलो ना, तर पाय पुसून येईन हं. नाहीतर तू भुतालाही सोडायची नाहीस."

"काहीतरीच बोलता! तोंडाला काही ताळतंत्र?" किनुएने त्याला कोपराने ढोसलं. सायो खदखदून हसली. "बाबा भूत! बाबा पाय पुसणारं भूत!"

त्या शरद ऋतूत राइझोची बोट परत आली नाही. राइझोही सापडला नाही.

मित्रांनो, मी खालच्या फळीवर असतो, तिथून दारापासून आतल्या चुलीपर्यंत अंथरलेली चटई दिसते. रोज सकाळी सायो उठायच्या आधी किनुए तिथे यायची, गुडघ्यांवर बसायची आणि चटईवरून तळहात फिरवायची. एकदा दारापासून चुलीपर्यंत, मग पुन्हा चुलीपासून दारापर्यंत. मग हात उलटा करून बघायची. चटई कोरडी असायची. इतकी वर्षं भुतांच्या गोष्टी लोकांना सुचवणारी ती बाई एका भुताची वाट बघत होती, आणि ते येत नव्हतं.

हिवाळ्यात एके दिवशी तिने मला फळीवरून ओढून काढलं. राइझोचा जाळं विणायचा दोरा घेतला, तो जाड, मेण लावलेला. आणि ती नावाड्याची गोष्ट तिन्ही बाजूंनी शिवून टाकली. हे नेहमीचे दोन सैल टाके नव्हते. प्रत्येक टाक्याला गाठ होती, आणि प्रत्येक गाठ ती दातांनी ओढून घट्ट करत होती.

पुस्तकाला काय होत असेल, असं तुम्ही म्हणाल. सांगतो. माझ्या पोटात तो नावाडी चुलीपाशी बसलेला होता आणि त्याच्यावर अंधार झाला. त्याला ना चहा मिळाला, ना परत जाता आलं.

उन्हाळा आला तशी उमेआजी आली. "वाच गं, पोरी."

"आजी, आज कोल्हिणीची ऐका. छान आहे."

"कोल्हीण माझी कोण लागते?" आजीने मला हातात घेतलं आणि बोटांनी ते टाके चाचपले. मग म्हणाली, "तुला वाटतं ही भीतीची गोष्ट आहे. मी काय घाबरायला येत होते होय गं? वर्षातून एकदा त्याला चहा पाजायला येत होते."

किनुए मान खाली घालून पुस्तकं पुसत राहिली. आजी गेली ती पुन्हा आली नाही. मग किनुएने गोष्टी सुचवणंच सोडलं. कुणी विचारलं, तर "घ्या हवी ती" म्हणायची. गिऱ्हाइकं विरळ झाली. माझ्यावर धूळ बसली. एका कोपऱ्यात कसरीने घर केलं.

पुस्तकं फाडू नका, पानं दुमडू नका, हे तुम्हाला सगळेच सांगतात. माझं मागणं वेगळं आहे. एखादी गोष्ट सोसवत नसेल तर मला मिटून ठेवा, पाठमोरं ठेवा, वाटलं तर फळीच्या अगदी मागे ढकला. पण शिवू नका. मिटलेलं पुस्तक वाट बघू शकतं.

मग ओबोन आला. हे गेलेल्या माणसांनी घरी येण्याचे दिवस. त्यांनी लवकर यावं म्हणून काकडीला काड्यांचे पाय लावून घोडा करतात आणि जाताना रेंगाळत जावं म्हणून वांग्याची गाय. राइझोचा हा पहिलाच ओबोन. सायो आता शाळेत जाते, अक्षर अन् अक्षर लावून वाचते. दुपारी तिने घोडा तयार केला, माझ्याशेजारी उभा केला आणि कात्री आणली.

कच्. कच्. कच्.

किनुए ओल्या हातांनी दारात आली तेव्हा सायो शेवटच्या ओळीवर बोट ठेवून बसली होती. दोऱ्याचे तुकडे चटईभर पडले होते.

"कुणी सांगितलं तुला हे कापायला?" किनुएचा आवाज चिरकला.

"कुणी नाही." सायो घाबरली, पण बोट काढलं नाही. "बाबा आज येणार ना? तू सगळं शिवून टाकलंस. मग ते आत कसे येतील?"

किनुए खाली बसली. तिने दोऱ्याचा एक तुकडा उचलला आणि बोटाभोवती गुंडाळला.

"बाळा, टाक्यांचं काही नाही गं. गोष्टीतली माणसं येतात. आपले बाबा... ते येत नाहीत."

"तुला काय माहीत?"

"मी रोज सकाळी चटईला हात लावून बघते, सायो. रोज. कोरडी असते."

सायोने चटईकडे पाहिलं. मग घोड्याकडे, मग माझ्या उघड्या पानाकडे. तिच्या कपाळावर आठी पडली.

"पण आई, बाबा तर पाय पुसून येणार होते ना? मग ते येऊन गेले, तर आपल्याला कळणार कसं?"