साडेनऊचा तेरेरे

निमिया ओर्तेगोसा बावीस वर्षं इतागुआ गावातल्या शिलाई कारखान्यात कॉलर लावत होती. साडेनऊ वाजले की चौदाजणी आंब्याखाली गोल बसायच्या. शिंगाचा एकच पेला, एकच नळी, बर्फाच्या पाण्यात भिजवलेल्या पाल्याचं गारेगार तेरेरे. म्हातारे मालक एलिहियो त्याच नळीनं प्यायचे आणि विचारायचे, "काय अडलंय, पोरींनो?" कुणाची सुई सारखी तुटते, कुणाचं पोर तापलंय, सगळं तिथंच कळायचं आणि तिथंच निस्तरायचं.

ते वारले. पुतण्या फाब्रिसियो आला. त्याला कारखाना सुधारायचा होता. त्यानं प्रत्येक मशीनवर आकडा दाखवणारा पडदा लावला आणि निमियाला मुकादम केलं. तिला वाटलं, आपण वर असलो तर साडेनऊचा घोळका तरी वाचेल. भाबडी! पहिल्याच सोमवारी त्यानं तिच्याच तोंडून वदवलं: घोळका बंद, जिनं तिनं आपापल्या मशीनपाशी प्यावं. तो तिच्या पाठीमागेच उभा होता. माझा नाइलाज आहे, एवढंही तिच्यानं म्हणवलं नाही.

त्या दिवसापासून बायकांनी सांगितलं तेवढं केलं. तेवढंच. रोजच्या ऐंशी कॉलर, एक्याऐंशीवी नाही. मशीन कुरकुरलं तरी कुणी बोलेना. बंद पडलं की हात मांडीवर.

"अगं सेल्वा, आधी का नाही सांगितलंस?"

"विचारलं नाहीत, बाई."

सेल्वा निमियाच्या लेकीची धर्ममाता. बावीस वर्षं अगं-तुगं, आणि आता बाई.

तीन महिन्यांत माल घसरला. फाब्रिसियोनं फर्मावलं, "उद्यापासून घोळका सुरू. मला उत्साह दिसला पाहिजे."

निमियानं घरून थर्मासात बर्फ आणला, पुदिना ठेचला, हाक मारली.

"बर्फ स्वतः आणलात? पगार वाढला वाटतं!" दोरिला म्हणाली. कुणी हसलं नाही.

"हुकूम आहे का?" सेल्वानं विचारलं.

खोटं बोलता आलं असतं. "आहे. पण मलाही हवंय गं."

"हुकूम आहे, चला गं."

आल्या. गोल बसल्या. निमियानं पहिला पेला सेल्वाला दिला. तिनं तो संपवला, परत केला आणि म्हणाली, "आभारी आहे."

घोळक्यात आभार मानतात ते फक्त उठताना. माझं झालं, आता मला देऊ नका, एवढंच सांगायला. एरवी चौथ्या-पाचव्या फेरीशिवाय ते कुणाच्या तोंडी यायचं नाही. सेल्वा उठली. दोरिला प्यायली, "आभारी आहे, बाई." मग तिसरी. तेराच्या तेरा जणी, एकेक पेला, एकेक आभार, आणि मशीनवर.

वरच्या खिडकीतून फाब्रिसियो खुशीत मान डोलावत होता.

आता पाळी निमियाची होती. थर्मास अर्ध्याहून जास्त भरलेला होता.