ओठ ओळखणारा धोटा

ऐका, मी धोटा बोलतोय. मागावरच्या उभ्या ताण्यातून आडवं सूत घेऊन इकडून तिकडे धावायचं, एवढंच माझं काम. इंग्लंडातल्या रॉचडेल गावाच्या वरच्या टेकडीवर एनॉक नावाच्या विणकराच्या माडीत माझी हयात गेली. पक्क्या लाकडाचा मी, दोन्ही टोकांना लोखंड मढवलेला. गावात माझ्याइतका सरळ धावणारा दुसरा धोटा नव्हता. हे मीच सांगायला हवं, दुसरं कोण सांगणार?

मी माणसं ओळखतो ती ओठांवरून. माझ्या पोटात नवी कांडी बसवली की सुताचं टोक कडेच्या बारीक भोकातून बाहेर काढावं लागतं. विणकर त्या भोकाला ओठ लावतो आणि सूत सुर्रकन ओढून घेतो. एनॉकचे ओठ जाड, तंबाखूचा वास मारणारे. त्याची मुलगी केझिया आईविना वाढली आणि बापाला मदत करता करता विणायला शिकली. सूत ओढताना तिला हमखास हसू यायचं.

एनॉकवर कोणी मालक नव्हता. सोमवारी तो मागाला हातच लावायचा नाही. "देवानं रविवार स्वतःसाठी ठेवला, सोमवार विणकरासाठी," म्हणायचा आणि डोंगर हिंडायला जायचा. कापड पोचवायचा शनिवार तोंडावर आला की मग आमची धांदल उडायची. पण कामावर गाणं चालायचं, शेजारी डोकावायचे, मजा होती.

मग खाली नदीकाठी गिरणी आली, वाफेवर चालणारे माग आले. कापड इतकं स्वस्त झालं की आमच्या कापडाला कुणी विचारीना. एकदा एक कोटवाले सद्गृहस्थ प्रार्थनाघरात विणकरांची समजूत घालायला आले. मी तेव्हा एनॉकच्या खिशात होतो. मला घेतल्याशिवाय तो कुठे जायचाच नाही.

"यंत्रानं माल स्वस्त होतो," गृहस्थ म्हणाले, "स्वस्त झाला की खप वाढतो, खप वाढला की सगळ्यांना काम. हा बाजाराचा नियम आहे. तुम्ही फक्त धीर धरा."

एनॉक उठून उभा राहिला. "धरतो की साहेब. पण तो शिजवायचा कसा, तेवढं सांगून जा. ओटच्या पेजेत घालायचा की नुसताच उकडायचा?"

लोक खो खो हसले. घरी मात्र पेजेपुरते ओटही उरले नव्हते. महिन्याभरात केझिया गिरणीत जायला लागली.

बापाच्या अगदी जिवावर आलं. मुलीनं घंटेच्या हुकमावर उठायचं, घंटेच्या हुकमावर जेवायचं, आणि आपण तिच्या जिवावर खायचं! रोज संध्याकाळी ती दारातूनच विचारायची, "बाबा, जेवलात का?" आणि हा तोंड फिरवून म्हणायचा, "खातोय ना, तुझ्या घंटेचं!"

एका रविवारी तिची गिरणीतली मैत्रीण नॅन जेवायला आली. एनॉक बटाटे वाढत होता. पाहतो तर दोघी त्याच्या डोक्यावरून एकमेकींशी काहीतरी करतायत. तोंडं मोठमोठी हलतायत, भुवया उडतायत, आवाज मात्र नाही. मग दोघी फिसकन हसल्या. त्याला वाटलं, आपल्यालाच वेडावतायत.

"माझ्याच घरात बसून माझी नक्कल?"

"नाही हो बाबा, आम्ही गिरणीत असंच..."

"मग राहा जा गिरणीतच!"

मी फळीवरून सगळं पाहत होतो. नॅन म्हणत होती, "तुझा बाप म्हातारपणीसुद्धा काय देखणा आहे गं!" ओठ मला कळतात, पण माझं ऐकतो कोण? केझिया त्याच दिवशी नॅनच्या बिऱ्हाडी राहायला गेली.

हिवाळ्यात एनॉकनं माग मोडून चुलीत घातला. मला जाळायला मात्र त्याचा हात धजेना. माझं टोक बाहेर डोकावेल असं मला खिशात टाकून एका सकाळी तो गिरणीत झाडलोटीचं काम मागायला गेला.

आत शिरला आणि थबकला. तीनशे माग एकदम आदळत होते. माझ्या जातभाईंचा तो गोंगाट ऐकून मीही थरथरलो. मुकादम त्याच्या कानाशी ओरडला, तेही ऐकू येईना. आणि एवढ्या गदारोळात बायका निवांत गप्पा मारत होत्या! तोंडं मोठमोठी हलवत, भुवया उडवत, या टोकापासून त्या टोकापर्यंत. एनॉकचा चेहराच उतरला.

नॅननं लांबून खूण केली तशी केझिया वळली. पाच महिन्यांनी बापाला पाहत होती. तिचे ओठ हलले. त्याला ही बोली येत नव्हती, पण एवढं एक वाक्य त्यानं बरोबर वाचलं. "बाबा, जेवलात का?"

खिशात त्याची मूठ माझ्यावर आवळली. जन्मात कुणापुढे न वाकलेल्या त्या माणसानं आवाज न काढता ओठ हलवले, "चुकलो गं पोरी. घरी ये."

त्याला वाटलं असेल, इथे कोणाला ऐकू जातंय! बिचाऱ्याला काय ठाऊक, सगळ्या विणाई खात्यानं ते वाचलं होतं. कुणी डोळे पुसले, कुणी टाळ्या पिटल्या. नॅन तेवढ्यातही म्हणालीच, "आता तर आणखीच देखणा दिसतोय!"

केझिया घरी आली. पुढे गिरणीनं तिचे कान नेले. तेव्हा एनॉक ती बोली नीट शिकला. संध्याकाळी तो खिडकीच्या उजेडात खुर्ची ओढून बसायचा, लेकीला आपले ओठ दिसावेत म्हणून.

त्याला जाऊनही आता बरीच वर्षं झाली. मी चुलीवरच्या फळीवर पडून असतो, भोकात धूळ बसलीय. माझं मागणं फार नाही. पुन्हा कुणी तुम्हाला बाजाराचा नियम सांगायला आलं, तर त्याला त्या खात्यात दिवसभर उभं करा आणि मग बोलू द्या.

रोज संध्याकाळी केझिया त्या रिकाम्या खुर्चीकडे बघते आणि तिचे ओठ हलतात, "बाबा, जेवलात का?" ते कळणारा घरात आता मी एकटाच आहे, आणि मला ओठ नाहीत.