ग्यानबाचा आडोसा

ग्यानबाला लकवा मारला त्याच साली शेजारच्या जमनाबाईनं घरावर माडी चढवली. तिची गच्ची थेट आशाबाईच्या परसावर आली. परसात लिंबाच्या दाट सावलीत ग्यानबाची बाज असायची. तिथंच आशाबाई नवऱ्याला अंघोळ घालायची, त्याचं हागणं-मुतणं काढायची. जमनाबाई काही वाईट बाई नव्हती. वरून विचारायची, "आज जेवले का व्हो भाऊ?" पण अख्ख्या साखरा गावात पोतं एका हातानं उचलणारा म्हणून ओळखला गेलेला तो माणूस. तिचा आवाज आला की चांगल्या हातानं फडकं मांडीवर ओढायचा अन् तोंड भिंतीकडं करायचा.

"आडोसा कर," एक दिवस तो वाकड्या तोंडानं बोलला. आजारी पडल्यापासून त्यानं मागितलेली ती एकच गोष्ट.

पोरगा हरीश वारंगा फाट्यावर गॅरेजात कामाला होता. त्यानं तिथल्या नर्सरीतून बांबूची नऊ रोपं आणली. "सावलीत हळू येतंय म्हणला नर्सरीवाला. पण येतंय." आशाबाईनं कुंपणाच्या कडेनं चर खणला, शेणखत भरलं, अंघोळीचं पाणी तिकडं वळवलं. दोन वर्षं रोपं जेमतेम गुडघ्याएवढी राहिली. तिसऱ्या पावसाळ्यात जाड कोंब फुटले, अन् चौथ्या साली गच्ची दिसेनाशी झाली. ग्यानबा उघड्या अंगानं निवांत पाणी घेऊ लागला. एकदा तर तोंडावर तांब्या ओतताना हसलासुद्धा.

श्रावणातल्या एका दुपारी आशाबाई सोयाबीन खुरपून उशिरा घरी आली. बाज रिकामी होती. कूस बदलताना ग्यानबा खाली घसरला होता अन् चरात तोंडावर पडला होता. चरात वीतभर पावसाचं पाणी होतं. चांगल्या हाताची मूठ एका बांबूवर आवळलेली. पाठीवर पाचोळा पडला होता. अंग गार झालं होतं.

तिसऱ्या दिवशी जमनाबाई किटलीत चहा घेऊन आली. ओसरीवर बसून बराच वेळ पदराचं टोक पिळत राहिली.

"आशाबाई, म्या त्या दिवशी वरच व्हते. बांबूचे शेंडे हलून राहिले व्हते. वारा न्हवता. म्या म्हनलं, शेळी घुसली आसंल."

जमनाबाईनं पदर सोडला अन् पुन्हा धरला.

"हाक मारावी वाटली व्हती. पर तुमीच आडोसा केला, मंग काहून डोकवावं म्हनलं."

"किती येळ हलत व्हते?"

जमनाबाईनं मान खाली घातली. आशाबाईनं पुन्हा विचारलं.

"समदं धुणं वाळू घातलं, तवर."

ती गेल्यावर तिनं आणलेला चहा आशाबाईनं मोरीत ओतला. जमनाबाईचा दोष किती अन् आपला किती, हे तिला ठरवता येईना. आडोसा त्यानंच मागितला होता, हेही तिला कुणाला सांगावंसं वाटेना.

तेरावं झाल्यावर हरीशनं कोयता काढला. "माय, तोडून टाकतो."

"राहू दे."

"काहून पण?"

तिनं त्याच्या हातातला कोयता घेतला अन् आत नेऊन ठेवला. हरीश दोन दिवस थांबला अन् फाट्यावर कामाला निघून गेला.

आता ती दुपारची त्या बाजेवर एकटी बसते. परवा बांबूपलीकडून हळूच हाक आली, "आशाबाई, हायत का?"

आशाबाईनं ओ दिली नाही. थोड्या वेळानं हाक पुन्हा आली, जरा मोठ्यानं. मग जिन्यावरून चपला घाईनं खाली उतरल्या अन् दाराची कडी वाजू लागली.